शेवटाकडून ऐकणारा माणूस

शेवटकर जिना चढताना पहिल्या वळणावर थांबायचे. कठड्यावर हात, मान किंचित कललेली. मागून कोणी आलं तर म्हणायचे, "व्हा पुढे. लिफ्ट ऐकतोय. दोर कुरकुरतोय तिचा. भरवसा नाही."

खोलीत आले की डाव्या पायातला बूट काढून ठेवायचे. उजवा पायातच.

चष्मा काढल्याशिवाय त्यांना ऐकू यायचं नाही.

पेनाचं टोपण ते पेनाच्या मागे खोचायचे नाहीत. डाव्या मुठीत धरायचे. लिहून झालं की मूठ उघडायची, टोपण लागायचं. टोपण लागेपर्यंत वाक्य संपलं असं ते मानायचे नाहीत.

गाणं आवडलं की त्यांचा चेहरा पडायचा. कोणीतरी वाईट बातमी सांगितल्यासारखा. नाही आवडलं, तर छान मान डोलवायचे. नव्या माणसाची इथे हमखास फसगत व्हायची.

आणि प्रत्येक गाणं ते शेवटाकडून ऐकायचे. म्हणून शेवटकर. खरं आडनाव हजेरीच्या वहीत होतं. तिथून ते कधी बाहेर आलं नाही.

ते गाण्यांच्या एका कंपनीत नोकरीला होते. गात नव्हते, वाजवत नव्हते, विकतही नव्हते. ऐकत होते. कुठून कुठून नवशिके लोक आपली गाणी कंपनीकडे पाठवायचे. ती सगळी तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत येऊन पडायची. कोणीतरी ती ऐकायची आणि शंभरातली दोन-तीन खाली साहेबांकडे पाठवायची. हे काम शेवटकर सव्वीस वर्षं करत होते.

खोली पूर्वी कोठीची होती. कंपनी सीडी काढायची त्या काळातली पुठ्ठ्याची कोरी कव्हरं अजून भिंतींना लागून छतापर्यंत रचलेली. त्यांच्यामुळे आवाज घुमायचा नाही. शब्द तोंडातून निघाला की तिथेच बसायचा. खिडकी एकच, तीही गंजून बंद झालेली. बाहेर मागच्या लाँड्रीची गच्ची. तिथे दिवसभर पांढऱ्या चादरी वाळत असायच्या. वारा दिसायचा, ऐकू यायचा नाही.

ती पहिल्यांदा त्या खोलीत आली तेव्हा तिला वाटलं, आपण पाण्याखाली आलोय.

साहित्यात पदवी घेतलेली मुलगी. गाणी स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, स्वतःच गायची. तीन गाणी कंपनीला पाठवून आठ महिने झाले होते. उत्तर नव्हतं. नकार आला असता तरी तिला चाललं असतं. कोणीतरी जाणकाराने आपलं गाणं ऐकावं आणि खरं काय ते सांगावं, एवढंच तिला हवं होतं. घरात आई ऐकायची. पण आई तिचा खोकलासुद्धा सुरात आहे म्हणायची. शेवटी ती विचारायलाच आली. खाली टेबलावर बसणाऱ्या बाईंनी ब्याद टळावी म्हणून तिला वर पिटाळलं.

शेवटकरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या संगणकाकडे.

"आहे तुझं गाणं," ते म्हणाले. "ढिगात. मधे कुठेतरी. शिकलीस काय?"

"साहित्य."

"म्हणजे अक्षर बरं असणार. नोंदी करायला माणूस नाही माझ्याकडे. बसतेस?"

"मी गायला आलेय, काका."

"मीपण गायलाच आलो होतो," शेवटकर म्हणाले. "माझं गाणं कुठे अडकलं ते विचारायला. म्हणाले, बस इथे आणि शोध. शोधतोय."

ती हसली. ते हसले नाहीत. ती बसली.

घरी आई म्हणाली, "वा! गायला गेलीस आणि कारकून होऊन आलीस."

दादा म्हणाला, "असू दे गं आई. गाण्याच्या घरात निदान पायपुसणं झाली. पुढे सतरंजी होईल."

पहिल्याच दिवशी शेवटकरांनी तिच्या तिन्ही गाण्यांवर काट मारायला लावली.

"का?" तिचा आवाज चिरकला.

"ओळख झाली आपली. ओळखीच्या माणसाचं गाणं मला ऐकू येत नाही. मधे माणूस येतो. आता माझ्या कानाचा तुला उपयोग नाही, पदवीधर."

त्या दिवसापासून ते तिला पदवीधर म्हणायला लागले.

काम साधं होतं. आलेल्या प्रत्येक गाण्याला तिने नंबर द्यायचा. नाव-पत्ता वहीत लिहायचा आणि वही बंद करायची. शेवटकरांच्या पडद्यावर फक्त नंबर. "नाव वाचलं की कान खोटं बोलतात," ते म्हणायचे. मग ते चष्मा काढायचे, हेडफोन चढवायचे. हेडफोन कानावर असताना कोणी बोलायचं नाही. घराला आग लागली तरी खुणेने सांगायचं. पडद्यावर गाण्याची लांब रेघ उमटायची, आणि ते काटा सरळ शेवटच्या मिनिटाला नेऊन सोडायचे.

तिने विचारलं. शेवटच आधी का? न विचारून करते काय?

"सुरुवात सगळेच घासूनपुसून ठेवतात," ते म्हणाले. "पाहुणे येणार म्हटल्यावर बाहेरची खोली झाडावी तशी. शेवटाकडे माणूस दमतो. कोणी बघत नाही असं त्याला वाटतं. तेव्हा जो आवाज येतो तो त्याचा."

"आणि शेवट चांगला निघाला तर?"

"तर आधीचं ऐकतो. सुरुवातीपासून सलग असं मी क्वचित ऐकतो. सहा-सात झाली असतील."

"सव्वीस वर्षांत?"

"जास्त झाली का?"

कंपनीचा नियम निराळा होता. पहिली चाळीस सेकंदं ऐका आणि सोडा. सात सेकंदांच्या आत गळा सुरू झाला नाही, तर चाळीसचीही गरज नाही, कारण बाहेरचा ऐकणारा तेवढाही थांबत नाही. उत्तर फक्त होकाराला. नकाराला मौन. शेवटकरांनी हा नियम कधी मोडला असं कोणी म्हणू शकलं नसतं. तो त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर लावलेला होता, आणि भिंतीकडे त्यांची नेहमी पाठ असायची.

ते प्रत्येकाला लिहायचे. कोऱ्या कव्हरांमधलं एक काढायचं, उलगडायचं, आतल्या बाजूला दोन-तीन ओळी. "तुमचा आवाज खाली उतरतो तेव्हा खरा आहे. वर जाऊन काय शोधता?" "तबल्याला दम धरू द्या. तो कुठे पळून जात नाही." "गाणं तुमचं नाही, पण शीळ तुमची आहे. शीळ पाठवा." टोपण लागलं की कार्ड तिच्याकडे. ती पत्ता लिहायची आणि दुपारी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून यायची.

धंदा ती तिथेच शिकली. शेवटकर शिकवायचे नाहीत. डबा खाताना बोलायचे.

एकदा म्हणाले, "एका गाण्याचे मालक किती?"

"एक. ज्याचं गाणं तो."

"चार. शब्द लिहिले तो, चाल लावली तो, गायला तो, आणि ज्याने ध्वनिमुद्रण करवून घेतलं तो. तू चौघांचं काम एकटीने केलंस तरी कागदावर चार वेळा नाव घाल. आणि बरोबर कोणी असेल, तर गाणं झालं त्याच दिवशी लिहून काढ, कोणी काय केलं ते. दुसऱ्या दिवशी ज्याने नुसती टाळी दिली त्यालाही चाल आठवायला लागते."

एकदा त्यांनी तिला एक करार वाचायला दिला. खाली साहेबांकडून मंजूर होऊन आलेला. ती वाचत गेली. तिसऱ्या पानावर थबकली.

"काका, इथे लिहिलंय, गाण्याचे हक्क संपूर्ण विश्वात. जगात नाही, विश्वात."

"हो. चंद्रावर कोणी गुणगुणलं तरी ह्यांचं."

"आणि कायमचे?"

"कायमचे. करारात गोड शब्द दिसला की तिथे बोट ठेवून थांबायचं. कवितेत कशा थांबता तुम्ही, तसं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आणि निवड झाली म्हणून पेढ्यासारखं तोंड करायचं नाही. निवडलेली कितीतरी गाणी कपाटात पडतात. कंपनी ती काढत नाही, आणि दुसऱ्याला काढू देत नाही. नाकारलेलं गाणं निदान मोकळं असतं."

"मग लोक सही का करतात?"

"तू नाही करणार?"

तिने केली असती. त्याच दुपारी, पेन मागून.

संध्याकाळी घरी जाताना तिच्या डोक्यात अनोळखी लोकांची गाणी तरंगत असायची. कुठला तरी शिंपी, मशीनच्या ठेक्यावर गाणारा. कुठली तरी आजी, मधेच शब्द विसरून हसणारी. कोणी न्हाणीघरात गायलेलं, कोणी गाडीत काचा वर करून. रस्त्यावर चालणाऱ्या माणसांकडे ती बघत राहायची. ह्यातलं कोण आपल्या वहीत आहे? सिग्नलला थांबलेली बाई ओठ हलवत असली की तिला वाटायचं, दोनशे ऐंशी नंबर. हीच ती. सगळं गाव पाण्याखाली हळूहळू हलतंय आणि प्रत्येकाच्या तोंडातून एकेक बुडबुडा वर चाललाय, असं काहीसं.

सहा महिन्यांनी साहेब स्वतः वर आले. कव्हरांच्या भिंतींकडे पाहिलं, शेवटकरांच्या एका पायातल्या बुटाकडे पाहिलं. म्हणाले, पुढच्या महिन्यापासून निवड संगणकच करेल. दिवसाला हजार गाणी. ही खोली रिकामी करायची आहे.

"ढीग?" शेवटकरांनी विचारलं.

"पुसून टाका."

"ऐकून पुसतो."

"तीन आठवडे आहेत तुमच्याकडे."

"मग ऐकूनच पुसतो," शेवटकर म्हणाले.

साहेब गेल्यावर ते तिच्याकडे वळले. "किती राहिलीत?"

"चारशे सोळा."

"चादरी मोजत बसू नकोस. नव्या वहीत एकपासून नंबर लाव."

त्या रात्री तिला कळलं की तिच्याकडेही तीनच आठवडे आहेत. नंतर हे कान तिला मिळणार नव्हते. दुसरे कुठले कान तिला नको होते. ओळखीचं गाणं ते ऐकत नाहीत. पण पडद्यावर नाव नसतं. नंबर ती लावते.

तिने नवं गाणं केलं. कपड्यांचं कपाट उघडून, आत तोंड घालून, गोधड्यांच्या मधे गायली, म्हणजे बाहेरचा आवाज कमी येतो. पहिली दोन कडवी एका बैठकीत झाली. दुसऱ्या कडव्याच्या आधी स्वयंपाकघरातून आईने हाक मारली. हाक आत शिरली. तिला वैताग आला, हसूही आलं, आणि ती तशीच पुढे गात गेली. पुन्हा करायला वेळ नव्हता. तिला वेळ हवा होता तो शेवटच्या मिनिटासाठी. त्या एका मिनिटावर तिने अकरा दिवस घालवले. प्रत्येक श्वास बसवला. दमलेला आवाज कसा येतो ते पाहिलं आणि तसा दमलेला आवाज काढला. कोणी बघत नाही असं वाटणाऱ्या माणसासारखी ती अकरा दिवस गात होती.

दादा दाराबाहेरून म्हणाला, "कपाटाला गाणं पाठ झालं असेल एव्हाना. आता बाहेर ये."

चारशे सतरा. वहीत तिने त्या नंबरापुढे काहीच लिहिलं नाही.

सोमवारी ढीग जवळजवळ संपला होता. शेवटकर दमलेले दिसत होते. त्या आठवड्यात लिफ्ट जरा जास्तच कुरकुरत असावी, कारण ते प्रत्येक वळणावर थांबत होते. त्यांनी चारशे सोळा संपवलं, कार्ड लिहिलं, टोपण लावलं.

"संपलं?"

"एक आहे अजून," ती म्हणाली. "मी कार्डं टाकून येते."

"एवढी घाई? पेटी पळून जाते का?"

"ऊन आहे तोवर जाते."

"जा. उन्हाला माझा नमस्कार सांग."

ती निघाली. मुद्दाम हळू चालली. एकेक कार्ड वेगळं टाकलं. लाँड्रीला वळसा घालून आली, चादरी दुसऱ्या बाजूने पाहिल्या. त्यांचा फडफड आवाज येत होता. तिला तो आवाज अनोळखी वाटला. पाऊण तासाने ती जिना चढली.

शेवटकर खुर्चीत बसलेले होते. कानावर हेडफोन. डोळे मिटलेले. चष्मा टेबलावर, डावा बूट खाली, डावी मूठ मिटलेली. समोर कार्ड. आणि चेहरा पडला होता.

तिने तो चेहरा पाहिला आणि ती दारातच थांबली. इतका पडलेला चेहरा तिने एकाही गाण्याला पाहिला नव्हता.

ती पाऊल न वाजवता आपल्या जागी गेली. खुर्चीही ओढली नाही. हेडफोन कानावर असताना बोलायचं नाही. ती बसली. बाहेर चादरी हलत होत्या, आवाज नव्हता. तिला वाटलं, आपलं गाणं ह्या क्षणी त्या दोन कानांमधे आहे. दुसऱ्यांदा ऐकत असतील. तिसऱ्यांदा. ती पुढचं बोलणं ठरवू लागली. ते ओरडतील. लबाड म्हणतील. म्हणू देत. मग खरं काय ते सांगतील.

लाँड्रीतली बाई गच्चीवर आली. एकेक चादर काढून खांद्यावर टाकत गेली. गच्ची रिकामी झाली. मागचं आकाश दिसायला लागलं. ते तिने इतके महिने पाहिलंच नव्हतं.

चाळीस मिनिटं ती तशी बसून होती. त्या सबंध वेळात तिच्याइतकं सुखी माणूस त्या इमारतीत कोणी नसेल.

मग तिच्या लक्षात आलं की पडद्यावरचा काटा हलत नाहीये.

डॉक्टर म्हणाले, झोपेत जावं तसे गेले. ती असती तरी फरक पडला नसता, असंही म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं सांगत असावेत.

शेवटकरांच्या घरून काकू आठवड्याने खोलीतल्या वस्तू न्यायला आल्या. लहानखुऱ्या, नीटनेटक्या. एका हातात पिशवी. बूट घेतला, चष्मा घेतला. दारात थांबून भिंतींकडे पाहत राहिल्या.

"घरी नुसते गप्प असायचे," त्या म्हणाल्या. "रेडिओसुद्धा लावू द्यायचे नाहीत. पण बादली भरत आली की आतल्या खोलीतून ओरडायचे, भरली गं, बंद कर. न बघता. आवाजावरून." मग म्हणाल्या, "जिन्यात थांबायचे ना इथेही?"

"हो. लिफ्ट ऐकायचे."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "आमच्याकडे लिफ्ट नाही. तिथे म्हणायचे, शेजारचा नळ ऐकतोय. डॉक्टरने जिना बंद सांगितला होता. दोन वर्षं झाली."



जाता जाता काकूंनी पिशवीतून एक चिमुकली वस्तू काढली आणि तिच्या हातावर ठेवली. पेनाचं टोपण. "दवाखान्यात मूठ उघडली तेव्हा निघालं. पेन इथेच असेल ना? तर ते लावून टाक. सुकेल नाही तर."

पेन कधीच सुकलं होतं.

खोली महिनाअखेरीला रिकामी झाली. कव्हरं रद्दीत गेली. तिने एकच पुठ्ठा वाचवला. तो तिच्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर शेवटकरांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलंय:

"४१७. शेवट ऐकला. घासलेला आहे. मी कुठून ऐकतो हे कोणीतरी तुम्हाला सांगितलेलं दिसतं. सांगणाऱ्याचे कान धरायला हवेत. चिडून सुरुवातीपासून लावलं, आणि थांबवता आलं नाही. दुसऱ्या कडव्याच्या आधी लांबून कोणीतरी हाक मारतं. त्यानंतर तुमचा आवाज"